धाकटीचा शेवट

अल्लीपूर,
१४ जुलै

प्रिय अंजू,
जयभीम.

आज दुपारी तुला मारलं.

घाबरू नकोस, कादंबरीत. तसंही हे पत्र तू फोडणार नाहीस. मागे मेघा फोनवर म्हणाली, "मावशी, आई तुझी पत्रं फोडत नाही, पण फेकतही नाही. कुकरच्या रिकाम्या खोक्यात ठेवते." तुझी लेक तुझ्यावर गेलेली नाही, विचारलं की सांगून टाकते. तेव्हापासून मला लिहायला फार मोकळं वाटतं. खोक्याशी बोलायला कसली भीती?

तर बातमी अशी की पुण्याचे एक प्रकाशक माझी कादंबरी काढायला तयार झालेत. आपल्या दोघींचीच आहे ती, थोरली आणि धाकटी. थोरली 'मी' म्हणून सांगते आणि धाकटीला नाव नाही. त्यांच्याकडे नंदिनी नावाची संपादक आहे, मेघाच्याच वयाची असेल. तिने बाड परत पाठवलंय आणि पानापानाच्या समासात पेन्सिलीने खुणा केल्यात. जन्मभर मी पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझी कोणी तपासतंय. राग आला, पण खुणा बऱ्याचशा बरोबर आहेत, त्यामुळे जास्त राग आला.

तिच्या मागण्या दोन. पहिली, 'मंग?' हा शब्द फार वेळा येतो, तो कमी करा. धाकटी सारखी 'मंग?' 'मंग?' करते त्याने पुण्याकडच्या वाचकाला अडखळायला होतं म्हणे. दुसरी मागणी शेवटाची. माझ्या कादंबरीत दोघी बहिणींचं बोलणं तुटतं आणि पुस्तक संपतं. नंदिनी म्हणाली, "ताई, वाचकाच्या हातात काहीच उरत नाही. एक तर त्यांची भेट घडवा, नाहीतर धाकटी जाऊ द्या."

भेट मला लिहिता आली नाही. खरंच बसले होते लिहायला. धाकटी दारात येते आणि पुढे ती काय बोलेल हेच मला सुचेना. मग तिला मारलं. ते सोपं गेलं.

तू म्हणशील, पुन्हा माझ्यावर लिहिलंस. त्या दिवाळी अंकातल्या गोष्टीवरून तू बोलणं टाकलंस. आई गेली तेव्हा तुला रडू आलं नाही, हे तू मला एकटीला सांगितलं होतंस आणि मी ते गोष्टीतल्या बहिणीच्या तोंडी घातलं. तुझ्या सासरच्यांनी वाचलं, भिलाईभर झालं. मी तेव्हाही म्हणाले होते, आताही म्हणते. गोष्ट ही गोष्ट असते, तिच्यात खरी माणसं शोधू नयेत.

इकडे सगळं ठीक.

तुझी,
सुलूताई


अल्लीपूर,
३ ऑगस्ट

प्रिय अंजू,
जयभीम.

तुला मारणं सोपं गेलं असं लिहिलं होतं ते मागे घेते. तू काही केल्या नीट मरत नाहीस. आधी तुला स्कूटरवरून पाडलं. वाचलं तर पेपरातल्या बातमीसारखं. मग हृदयविकार दिला, तर फोनवर वाचून दाखवल्यावर नंदिनी म्हणते फार अचानक होतं. साप चाववून पाहिला, पण भिलाईच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर साप कुठून येणार? आता तापाने आजारी पाडलंय. परगावचा दवाखाना, आणि थोरलीला कोणी कळवत नाही. सगळं उरकल्यावर कळतं.

खरी अडचण वेगळीच आहे. कुठलं पान जिवंत आहे आणि कुठलं मेलेलं, ते मला कळेनासं झालंय. आईचा नियम आठवतो? हुंकार द्यायला माणूस नसेल तर गोष्ट सांगायची नाही. कापसातला कचरा वेचत बसायचो आपण, मी सांगायची आणि तू 'मंग?' म्हणायचीस. तुझा 'मंग' आला की मी पुढे जायची. नाही आला की समजायची, इथे फसलं, आणि तिथल्या तिथे राजकन्येला विहिरीत टाकायची. मी लिहायला शिकले ती अशी. आजही कागदावर लिहिते आणि मोठ्याने वाचते, आणि परिच्छेद संपला की थांबते. समोर मिक्सर असतो, फिल्टर असतो, आईची खुर्ची असते. कोणी काही म्हणत नाही.

निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं शाळेतली पोरं भेटायला यायची. आता तीही नोकऱ्यांना लागली. कधी कधी दुपारी चार वाजता पोस्टमनला "काही नाही का?" विचारते तेव्हा लक्षात येतं, सकाळपासून हा माझा पहिला शब्द. आवाजसुद्धा घोगरा निघतो. हे सगळं मी तुला सांगणार नव्हते, पण खोकं काय ऐकतंय.

तर मी एक ठरवलंय. वर्षावास चालू आहे. दरवर्षीसारखं आषाढी पौर्णिमेपासून संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन मीच करते. पंचवीस-तीस बाया येतात. विहाराचे सचिव प्रेमदासजी, ज्यांचं पीठगिरणीचं दुकान होतं ते, त्यांना विचारलं की ग्रंथाचं वाचन झाल्यावर माझं थोडं लिखाण वाचलं तर चालेल का. म्हणाले, "वाचा न बाई. तुमी वाचता ते चांगलंच असन. कोन नाई म्हन्ते?"

मला फक्त हुंकार पाहिजे. उसना का होईना.

सुलूताई


अल्लीपूर,
२५ ऑगस्ट

प्रिय अंजू,
जयभीम.

आज तुला आनंदाची गोष्ट सांगते. पोळा झाला, काल तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, त्यांना खाऊ दिला. पण आनंद त्याचा नाही.

पहिले काही दिवस विहारात सगळ्या बाया हात जोडून ऐकत होत्या. ग्रंथ ऐकतात तशाच. माझी थोरली शाळेत पहिली येते, बाया हात जोडून बसलेल्या. थोरली धाकटीच्या कानाखाली वाजवते, तरी हात जोडलेले. मी हिरमुसून घरी यायची. शोभाबाई, आपल्या मागच्या घरातल्या, त्या तर प्रत्येक प्रकरण संपलं की 'साधू, साधू, साधू' म्हणायच्या.

मग त्या दिवशी धाकटी आईचं पातळ नेसून पळते ते प्रकरण वाचलं आणि श्वास घ्यायला थांबले. मागून आवाज आला, "मंग, बाई?"

तानाबाई होती. बोरगाववाली, काठी घेऊन येते, ऐकू कमी येतं म्हणून एरवी झोपते. मला क्षणभर पुढची ओळच दिसेना. सगळ्या हसल्या, आणि नंतर सगळ्याच 'मंग?' म्हणायला लागल्या. आता मला दिसतं कुठे त्यांचं लक्ष उडतं, कुठे पदर तोंडाला जातो. घरी येऊन लगेच दुरुस्त्या करते. शाळेचं प्रकरण अर्धं उडवलं. मामाचं लग्न पूर्ण उडवलं, तुला तसाही तो मामा आवडत नव्हता.

नंदिनीने खुणा केलेले 'मंग' मात्र खोडतेय. जवळपास सगळे गेले. विहारात वाचताना तिथे मी थांबते आणि बाया ते स्वतःच म्हणतात.

खूप दिवसांनी बरं वाटतंय. तुझी जागा कोणी घेतली असं समजू नकोस.

सुलूताई


अल्लीपूर,
११ सप्टेंबर

प्रिय अंजू,
जयभीम.

जिंकले. परवा धाकटीचं मरण वाचलं.

वाचून झाल्यावर कोणी 'मंग' म्हटलं नाही, कोणी 'साधू' म्हटलं नाही. नुसते हुंदके. शोभाबाई उठून जवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कवा कळलं बाई, तुमाले?" मी अजून त्या प्रकरणातच होते, म्हणाले, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." त्या म्हणाल्या, "आन तुमी गेल्या नाई?" मी म्हणाले, "नाही गेले. बोलावलंच नव्हतं." त्या ढसाढसा रडल्या. लिहिणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

आणि खरं सांगते, आपल्या लोकांना कदर आहे. काल सकाळी शोभाबाई वरण-भात आणि भाजी घेऊन आल्या. म्हणाल्या, "चुलीपाशी जाऊ नोका, बाई." संध्याकाळी दुसऱ्या घरून पिठलं-भाकर आली. एक जण तर चहाची किटलीच घेऊन आली आणि माझ्याजवळ गप्प बसून राहिली. मला वाटलं, लिहिण्यात व्यत्यय नको म्हणून करताहेत. इतक्या वर्षांत माझ्या घरात एका दिवसात इतकी माणसं आली नव्हती. मी सगळ्यांना बसवून घेतलं, उठूच दिलं नाही.

प्रेमदासजी म्हणाले, रविवारी सकाळी विहारात कार्यक्रम ठेवलाय, तुम्ही फक्त या, बाकी आम्ही पाहतो. माझा सत्कार असणार. कशाला एवढं, असं म्हणाले मी, पण वरवर. आज वर्ध्याला जातेय, चष्म्याचा नंबर बदलायचाय. जुन्या मैत्रिणीकडे मुक्काम आहे, शनिवारी परत येईन. निवृत्तीच्या वेळची मोरपंखी साडी इस्त्रीला टाकलीय. दोन शब्द बोलावे लागतील, तेही लिहून ठेवलेत. त्यात तुझा उल्लेख आहे, नाव न घेता.

सुलूताई


अल्लीपूर,
१५ सप्टेंबर

अंजू,

तुला आत्तापर्यंत सगळं कळलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

काल मी मोरपंखी साडी नेसून विहारात गेले. आत सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत बसल्या होत्या. समोर तथागतांच्या मूर्तीखाली टेबलावर फोटो होता, त्याला हार. मेणबत्त्या. फोटो तुझा होता. मेघाच्या लग्नातला, चष्मा घातलेला, माझ्या भिंतीवरच्या फोटोवरून कोणीतरी मोठा करून आणलेला. प्रेमदासजी माईकवर म्हणत होते, "आपल्या बाईच्या लहान भगिनी कालकथित अंजूताई यांचं पुण्यानुमोदन…"

मी दारातच उभी राहिले. चप्पल काढायची विसरले.

त्यांची काही चूक नाही गं. मी त्याच चौरंगापुढे बसते, तोच चष्मा लावून, त्याच आवाजात वाचते. त्या जागेवरून त्यांनी आजवर खोटं ऐकलेलं नाही. ग्रंथ मिटला आणि दुसरे कागद उघडले, एवढ्याने काय कळणार? मी सांगितलं होतं 'माझं लिखाण आहे'. त्यांनी समजून घेतलं, बाई आपली कर्मकहाणी लिहून आणते, तोंडाने सांगवत नाही म्हणून. गोष्ट आहे, घडलेलं नाही, हे मी एकदाही बोलले नव्हते.

मी तिथेच सांगितलं, अंजू जिवंत आहे, ठणठणीत आहे, हे मी रचलेलं होतं. प्रेमदासजींनी माईक बंद केला. मग तानाबाई काठी टेकत उठली. म्हणाली, "रचलं? तथागताच्या समोर बसून?"

"पुस्तकासाठी, तानाबाई."

"तुयी बहीण जित्ती हाय."

"हो."

"मंग काऊन मारलं तिले?"

मी म्हणाले, पुस्तकाला शेवट पाहिजे होता. हे वाक्य मी नंदिनीशी फोनवर कितीदा बोलले असेन, तिथे फार शहाणपणाचं वाटायचं. तानाबाई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "जित्ती हाय त बलाव न तिले. आमी परकी मानसं, मेली म्हनून रडलो. तू सख्खी, आन तुले रडू नाई आलं काय, लिवताना?"

अंजू, नव्हतं आलं. मी नुसती वाक्यं लहान-मोठी करत होते.

सत्काराचं भाषण माझ्या पर्समध्ये तसंच होतं. बायांनी खिरीची पातेली उचलली आणि एकेक निघून गेल्या. शोभाबाई माझ्याकडे न बघता फोटोचा हार काढत होत्या. त्यांच्या घरून आलेला डबा अजून माझ्या ओट्यावर आहे, परत न्यायची हिंमत होत नाही.

घरी आल्यावर मेघाचा फोन. शनिवारीच इथल्या समाजाच्या ग्रुपवर तुझा फोटो आणि 'भावपूर्ण आदरांजली' फिरलं होतं, ते नागपूर, गोंदिया करत भिलाईला पोचलं. तुझ्या शेजारणी पांढरी फुलं घेऊन आल्या आणि दार तू उघडलंस. मेघा आधी हसत होती, मग रडायला लागली. म्हणाली, "आईने फोटो पाहिला आणि आत जाऊन बसली. विचारलं तर म्हणे, सुलूनं लिवलं असन."

कोणी न सांगता तुला कळलं.

सुलू


अल्लीपूर,
७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

प्रिय अंजू,
जयभीम.

आज वर्षावास संपला. मधले आठ-दहा दिवस मी विहारात गेलेच नाही. प्रेमदासजी स्वतः ग्रंथ वाचत होते, अडखळत. मग एका संध्याकाळी शोभाबाई दारात आल्या, डबा न्यायला. म्हणाल्या, "चला बाई, त्याइचं वाचन समजत नाई." एवढंच. मी गेले. ग्रंथ वाचला आणि मिटला, दुसरं काही उघडलं नाही. बाया थोडा वेळ बसून राहिल्या आणि घरी गेल्या.

धाकटीला मी उठवलंय. तापाचं प्रकरण फाडून टाकलं, आता ते परत लिहिता येणार नाही. खोडलेले 'मंग' सगळे परत घातले, एकेक शोधून, लाल पेनाने. नंदिनीला फोन करून सांगितलं. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मरणाचं प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात चांगलं होतं. आमच्याकडे त्याच्यावरच पक्का होकार झाला होता. आता शेवट काय आहे?" मी म्हणाले, शेवट नाही. बहीण जिवंत आहे आणि बोलत नाही. ती म्हणाली, मग यंदा जमेलसं वाटत नाही. चांगली पोरगी आहे, तिला वाईट वाटलं.

मलाही वाटलं. माझं वय बघता 'यंदा नाही' म्हणजे काय ते मला कळतं. ते पुस्तक मला फार हवं होतं, अंजू. पण बाड टेबलावर ठेवून मी आईच्या खुर्चीसमोर बसले तेव्हा लक्षात आलं, छापून आलं असतं तर पहिली प्रत मी कोणाला दिली असती? खोक्याला?

गोष्ट ही गोष्ट असते असं मी तुला लिहिलं होतं. ते आता लिहिणार नाही. एवढंच म्हणते आणि थांबते, नाहीतर त्याचंही छान वाक्य करून टाकीन.

सोबत अख्खं बाड पाठवतेय. ही एकच दुरुस्त प्रत आहे, झेरॉक्स काढली नाही. तुझं जे जे आहे ते त्यात आहे. पाहिजे ते खोड. पाहिजे तर सगळंच ठेवून घे, मी परत मागणार नाही. फाडलंस तरी चालेल.

मला करमत नाही गं. घरात माझा एकटीचा आवाज मला नकोसा झालाय.

तुझी,
सुलू


भिलाई,
२४ ऑक्टोबर

ताई,
जयभीम.

मले तुयासारखं लिवता येत नाई. बोलतो तसं लिवतो, हसू नोको.

मेली म्हनून आठ दिवस लोक येत होते. चहा पाजून पाजून कटाळली. एका बाईनं त मलेच इचारलं, अंजूताईच्या बहीन काय तुमी? हो म्हनलं, मोठी.

खोकं उघडलं. सारी पत्रं एका बैठकीत वाचली, मंग बाड वाचलं. चार दिवस लागले, मेघा म्हने आई जेव त. तू फाडून टाक म्हनलं तं आधी फाडाचंच मनात होतं. पन पहिल्या पानावरच चूक सापडली, मंग पेन्सिल घेतली. तुयी ते नंदिनी करते तशा खुणा मीबी केल्या. परकर निळा नोयता, हिरवा होता, आन तुयाच होता. मले ढिला व्हायचा म्हनून आई सुतळीनं बांधून द्यायची. आन कानाखाली तू एकदा नाई मारलं, लय वेळा मारलं. बरोबर कर.

मामाचं लग्न परत टाक. त्याच्यात मी नाचली होती.

आता आईचं. मले रडू नाई आलं हे खरं हाय. ते तू अंकात छापलं, आता बाडातबी हाय. पन काऊन नाई आलं, हे तू कवाच इचारलं नाई. तुले तेवढं वाक्य पाहिजे होतं, ते भेटलं, आन तू उठून गेली. मी तथीच बसून होती, ताई. तू पुढचं इचारशील म्हनून. म्हनून बोलनं सोडलं. लोकाइनं वाचलं त्याचा राग नोयता.

बाड संग घेऊन येतो. मेघा तिकीट काढून राह्यली. स्टेशनवर येऊ नोको, मले रस्ता मालूम हाय. माया फोटोचा हार जिनं काढला, त्या शोभाबाईले सांग, लुगडं आनलं तिच्यासाठी.

पुढची गोष्ट मी सांगीन. सांगता सांगता थांबीन बी, मले सवय नाई. तवा तू मधात बोलू नोको, लिवू नोको, वाक्य सुधरू नोको. निस्ती समोर बस.

आन मी थांबली का 'मंग' म्हनजो.

अंजू